नळाचा दुसरा दिवस

आई बोलली ते एवढंच. रविवारची दुपार होती, मी जेवायला बसले होते, ती तव्यावरची भाकरी हातानं उलटत होती, आणि मी तणतणत होते की काल पुन्हा एका पांढऱ्या माशानं घोळ घातला, आता हा अकरावा अपवाद कुठं बसवायचा. वर न बघता ती म्हणाली, "लई दिसांनी नळ आला की त्याच्या दुसऱ्या दिवशी तू अशीच तणतणत येतीस." मी हसले. त्या हसण्यात तुच्छता होती, खोटं कशाला सांगू. मी गर्विष्ठ आहे हे मला शाळेपासून सगळ्यांनी सांगून झालंय, आणि मला ते फारसं लागतही नाही. माशांच्या संप्रेरकांवर चार वर्षं घासलेली मी, आणि सातवीत शाळा सुटलेली ही बाई मला माझ्या माशांबद्दल सांगत होती. मी म्हटलं, आई, नळाचा आणि माशांच्या भांडणाचा काय संबंध? ती म्हणाली, मला काय ठावं, मी आपली कॅलेंडर बघते. आणि भाकरी ताटात टाकली. मी घास मोडला, भाजीला लावला आणि तो घास तसाच हातात राहिला. शुक्रवारी माझा शेवटचा सेमिनार होता, आणि तो पार पडला की महिनाअखेरीला थीसिस जमा.

माझे मासे म्हणजे चिलापी. जायकवाडीच्या धरणात टोपल्यांनी सापडतात आणि बाजारात त्यांना कुणी मान देत नाही. पण काचेच्या टाकीत, खाली वाळू घालून सहा नर एकत्र सोडा आणि बघत बसा. दोन दिवसांत त्यातला एक काळा होतो. काळा म्हणजे अगदी डांबरासारखा, गळा तेवढा पांढरा, परांच्या कडा लाल. तो तोंडानं वाळू उपसून खड्डा करतो, खड्ड्यावर उभा राहतो, आणि जवळ येईल त्याच्यावर धावून जातो. मादी आली की तोच मासा अंग तिरकं करून, शेपटी थरथरवत तिला खड्ड्याकडे घेऊन जातो. इतका मवाळ होतो की मघाशी कल्ले फुगवून धावणारा हाच का, असं वाटावं. बाकीचे पाच पांढुरके राहतात, कोपऱ्यात, पाण्याच्या वरच्या थरात, मादीसारखे दिसत. कधी कधी तो काळा चुकून त्यांनाच मादी समजून त्यांच्यापुढे नाचतो आणि ते बिचारे तेही निमूट सहन करतात. माशाला तासभर बीकरमध्ये ठेवलं की त्याच्या अंगातलं संप्रेरक पाण्यात उतरतं आणि ते मोजता येतं. मी शेकडो बीकर भरून पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवले. काळ्यांचं संप्रेरक चढतं, पांढऱ्यांचं उतरलेलं. जिंकला की आणखी चढतं, हरला की आणखी उतरतं. इथपर्यंत सगळं जगाला माहीत आहे. माझं स्वतःचं म्हणून जे काही होतं ते चौथ्या प्रकरणात होतं. त्यात मी दोनशे चाळीस निरीक्षणं मांडून दाखवलं होतं की काही नर मुळातच पांढरे असतात. त्यांना संधी द्या, जागा द्या, ते लढत नाहीत. प्रकरणाचं नाव इंग्रजीत होतं, मराठीत सांगायचं तर 'जन्मजात दुय्यम'. मला ते नाव फार आवडलं होतं. अडचण फक्त अपवादांची होती, एखाद्या दिवशी त्याच मुळातल्या पांढऱ्यांपैकी एखादा उठायचा आणि काळा व्हायचा. हे अपवाद मी तळटीपेत ठेवले होते.

हात न धुता मी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. आमच्या शहरात प्रत्येक स्वयंपाकघरात नळाच्या तारखांवर खुणा असतात, त्यात नवल नाही. आई पेन्सिलीनं गोल करते. आठवड्यात नळ आला तर एक गोल. कुठं पाईप फुटला, मोटार जळाली आणि दहा-बारा दिवस घालवून पाणी आलं, तर ती रागानं त्याच तारखेवर दोन गोल करते, दुसरा इतका दाबून की कागद फाटायला येतो. कालच्या आदल्या दिवशी दोन गोल होते. जुनी कॅलेंडरं ती टाकत नाही, फडताळात डब्यांखाली अंथरते. मी डबे उतरवायला लागले. डाळीचा, पोह्यांचा, हळदीचा, सगळे. आई म्हणत राहिली की जेवण तरी संपव. मी तीन वर्षांची तेलकट पानं फरशीवर मांडली आणि वही घेऊन खाली बसले. अपवादाची तारीख, आदला दिवस, दोन गोल. पुढचा अपवाद, आदला दिवस, दोन गोल. पाचव्यापासून मी मोठ्यानं मोजायला लागले. अकराच्या अकरा जुळले. आमची गल्ली आणि माझी लॅब आहे ते कॉलेज महापालिकेच्या एकाच टाकीवर आहेत हे तर मला लहानपणापासून पाठ होतं, कारण भावसिंगपुऱ्यात पाणी सोडणारे लाईनमन माझेच वडील होते. आणि मी, कडुबा लाईनमनची लेक, या शहरात जन्मलेली, ड्रम भरत भरत वाढलेली, कार्यपद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य लिहून मोकळी झाले होते की टाक्यांमधलं पाणी नियमितपणे बदललं. नियमितपणे! परदेशातल्या शोधनिबंधांमध्ये असंच लिहितात, म्हणून मीही लिहिलं.

सोमवारी सकाळी सगळ्यात आधी फकिरामामांना गाठलं. लॅबची साफसफाई त्यांच्याकडे असते. मी विचारलं, पाणी कसं बदलता? ते म्हणाले, नळाच्या दिवशी ड्रम भरून ठेवतो, रातभर औषधाचा वास उडू देतो, दुसऱ्या दिवशी टाकीत घालतो. आणि मग, जणू मी काही दोष काढतेय अशा आवाजात म्हणाले, "नळ टायमात आला तर निम्मंच पाणी काढतो म्याडम. लई दिस झाले की वास मारतं, मग सगळं उपसून वाळू बी धुतो. तुमी कधी इचारलं नाय." नव्हतं विचारलं. साफसफाई ही साफसफाई, ती प्रयोगात कशी येईल? खरं तर सगळं मला ठाऊक होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. काळा नर पाण्यात लघवी सोडतो आणि तिच्यात त्याचा दरारा मिसळलेला असतो. बाकीचे त्या वासातच श्वास घेतात आणि त्यांना भांडायच्या आधीच कळतं की आपण कोण. त्यांचं संप्रेरक तिथंच बसतं. निम्मं पाणी बदललं तर निम्मा वास राहतोच, खड्डाही राहतो, मालक कोण हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण सगळं पाणी गेलं, वाळू धुतली, की कुणीच कुणाचं काही लागत नाही. त्या एका दिवशी सहाही मासे सारखे असतात. त्याच दिवसाला मी अपवाद म्हणत होते. मामांना मी म्हटलं, तुमची काही चूक नाही, आणि त्यांना चहा पाजला, तेव्हा त्यांचा जीव शांत झाला.

गाडीवरून घरी येताना बारापुल्ला दरवाज्यात नेहमीसारखी कोंडी झाली होती, आणि तिथं उभी असताना मला माझे वडील, अप्पा, दिसले. म्हणजे आताचे, निवृत्त होऊन ओट्यावर पेपर वाचणारे नव्हेत. खाकी शर्ट, खांद्यावर व्हॉल्वची माणसाएवढी लोखंडी चावी, आणि मागं मी, त्यांच्या पिशवीचा बंद धरून चालणारी. चौकात बाया वाट बघत असायच्या, हिवराळे भाऊ, आज दहा मिनिटं जास्त सोडा, पोरीला बघायला पाहुणे येणार आहेत. अप्पा चावी खड्ड्यात उतरवायचे, अंग झोकून फिरवायचे, जमिनीखालून पाण्याचा धडधडाट यायचा आणि ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं ओरडायचे, आलं! त्या आवाजाचा मला इतका अभिमान होता की वर्गात कुणी वडिलांचं काम विचारलं तर मी सांगायचे, पाणी सोडतात. जसं काही पाणी त्यांचंच होतं. मग मी नऊ वर्षांची असताना आम्ही देवगाव रंगारीला गेलो, चुलत्याच्या घरी लग्न होतं. एसटीत अप्पा खिडकीशी मोठमोठ्यानं बोलत होते. कसाबखेडा फाटा गेला आणि त्यांचा आवाज खाली आला. गावात उतरलो तर शर्ट त्यांना मोठा झाल्यासारखा दिसत होता. पारावर काही माणसं बसली होती, त्यातला एक, अप्पांहून दहा वर्षांनी तरी लहान, बसल्या जागेवरून म्हणाला, ए कडुबा, आला का रे? आणि अप्पा म्हणाले, आलो जी. रस्ता मोकळा असताना ते कडेनं चालले. मला नवा फ्रॉक होता, तो मी मुठीत चुरगाळला. परतीच्या गाडीत मी त्यांच्याशी बोलले नाही. दौलताबादचा किल्ला दिसायला लागल्यावर त्यांचा आवाज परत आला, त्यांनी खिडकीतून शेंगा घेतल्या, माझ्यापुढे धरल्या, मी तोंड फिरवलं. माझा बाप मुळात भित्रा आहे असं मी त्या दिवशी मनात ठरवून टाकलं. तिथला तोच खरा आणि इथला चावीवाला म्हणजे सोंग, असं.

मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, चलो मॅडम, आगे बढो. मी गाडी पुढं काढली पण मला समोरचं नीट दिसत नव्हतं. नऊ वर्षांच्या पोरीनं बापाविषयी केलेलं मत मी चार वर्षं खपून, आलेख काढून, इंग्रजीत लिहिलं होतं. जन्मजात दुय्यम. हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी सभेत उठून त्याची सालटी काढली असती. आमच्या घरात दारासमोरच बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, जन्मानं कुणी खालचा नसतो हे मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं गेलं. तरी माशांच्या बाबतीत मला ते सुचलं नाही. मला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग, हेही सांगते, एक विचित्र आनंद झाला. कारण जे आता माझ्या हातात होतं ते चौथ्या प्रकरणापेक्षा कितीतरी मोठं होतं, आणि ते माझ्या घरातल्या फडताळातून निघालं होतं.

मंगळवारी नळ आला. बुधवारी सकाळी मी आणि फकिरामामांनी एक रिकामी टाकी घेतली, वाळू चारदा धुतली, ताजं पाणी भरलं आणि तीन नंबरच्या टाकीतले सगळे मासे तिच्यात हलवले. त्यात नऊ नंबरचा मासा होता. पाठीवरच्या पराशी ओळखीसाठी अडकवलेला निळा मणी, चार महिने एकाच कोपऱ्यात काढलेला, माझ्या तक्त्यात सगळ्यात खालच्या ओळीत. पहिला तास तो नव्या टाकीतही कोपरा शोधत राहिला. जुना काळा मासा मात्र गोंधळल्यासारखा मधोमध फिरत होता, त्याचा रंग फिका व्हायला लागला होता. दुपारी बाराच्या सुमारास दोघं समोरासमोर आले. नऊ नंबर मागं सरला नाही. नुसता सरला नाही एवढंच. मग त्यानं कल्ले फुगवले. मी स्टूलावर बसले होते ती उभी राहिले. तोंडाला तोंड भिडवून ते एकमेकांना ढकलत होते, शेपट्यांचे फटके काचेवर ऐकू येत होते, आणि नऊ नंबरच्या पाठीवर काळी सावली चढत होती, आधी डोळ्यांपाशी, मग परांवर. चार वाजेपर्यंत त्यानं वाळूत खड्डा काढला होता. मी मादी सोडली. ती त्याच्याकडे गेली, आणि तो, ज्यानं जन्मात कुणापुढे शेपटी हलवली नव्हती, अंग तिरकं करून थरथरला. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं, ते त्याच्यात होतंच. फकिरामामा म्हणाले, नवरदेव दिसतोय. मी त्याचा बीकर भरला. पुण्याचा अहवाल यायला महिना लागणार होता, पण मला त्याची घाई नव्हती.

गुरुवारी माझ्या मार्गदर्शक सरांना सगळं सांगितलं. सर वाईट नाहीत, माझ्यासाठी त्यांनी खूप केलंय. त्यांनी कॅलेंडरं पाहिली, चष्मा काढला, डोळे चोळले. मग समजावण्याच्या सुरात म्हणाले की दोनशे चाळीसांत अकरा अपवाद म्हणजे काहीच नाहीत, कुणी विचारणार नाही. पीएचडीची नोंदणी केली तेव्हा या शहराचं नाव औरंगाबाद होतं, आता कव्हरवर छत्रपती संभाजीनगर छापायचं आहे, इतका काळ गेला. मुदतवाढ एकदा झालेली आहे. प्राध्यापकाच्या जागेची जाहिरात आली आहे, पदवी हातात नसेल तर अर्ज बाद. हे जे तुला सापडलंय ते नंतर सवडीनं स्वतंत्र छाप. ते म्हणत होते त्यात एक शब्द खोटा नव्हता. ती जागा मला हवी होती, अगदी पोटातून हवी होती. वर्गासमोर उभं राहायचं, दारावर स्वतःच्या नावाची पाटी, आणि अप्पांनी ती पाटी वाचायची, हे चित्र मी किती वेळा रंगवलं होतं. मी लॅबमध्ये जाऊन बसले. एका टाकीला आरसा लावलेला होता, तोही एक प्रयोग. आरशातल्या स्वतःशी मासा तासन्‌तास भांडतो, पण त्याचं संप्रेरक चढत नाही, कारण समोरचा कधी हरत नाही. ते चौथं प्रकरण जमा करून मी मिरवले असते तर ते मिरवणं असंच झालं असतं. मला गर्व हवा होता, पण खरा हवा होता. घरी जाऊन आईला सांगितलं की उद्या मला तुझी कॅलेंडरं लागतील. ती म्हणाली, तेलकट हायेत गं, लोक काय म्हणतील. मग स्वतःच ओल्या फडक्यानं पुसून, सुकवून, इस्त्रीच्या कपड्यांसारखी घडी घालून तिनं ती पिशवीत ठेवली.

शुक्रवारी अकरा वाजता सेमिनार सुरू झाला. समोर समितीचे तिघं, मागं विद्यार्थी, बाजूला सर. पहिली तीन प्रकरणं मी ठरल्याप्रमाणे सांगितली. चौथ्याचं नाव पडद्यावर आलं आणि मी म्हटलं, हे प्रकरण चुकीचं आहे, मी ते मागं घेते. सरांनी खाली बघितलं. मी पाणी, वाळू, वास, दोन गोल, नऊ नंबर, सगळं सांगितलं. माझा आवाज सुरुवातीला कापला, मग कापायचा थांबला. परभणीहून आलेल्या तज्ज्ञ बाई पुढं वाकून ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी विचारलं, "पाणीपुरवठ्याच्या या तारखांना संदर्भ काय?" मी पिशवी उघडली आणि चारही कॅलेंडरं टेबलावर पसरली. हळदीचा, तेलाचा वास खोलीभर झाला. मागं कुणीतरी फिसकन हसलं. मी त्या दिशेला बघितलं आणि वर्गाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मालनबाई कडुबा हिवराळे, भावसिंगपुरा. चार वर्षांची सलग नोंद." त्या आवाजाची मला ओळख पटली. तो माझा नव्हता, चावी फिरवल्यावरचा होता. बाईंनी एका पानावर बोट ठेवलं, इथला हा मोठा पिवळा गोल कसला? मी म्हटलं, तो हळदीच्या डब्याचा, तेवढा सोडून बाकीचे सगळे आईचे. त्या हसल्या नाहीत. त्यांनी वहीत आईचं नाव लिहून घेतलं, आडनावाचं एकेक अक्षर विचारून.

समितीनं सहा महिने वाढवून मागायला सांगितलं आणि चौथं प्रकरण नव्यानं लिहायला. म्हणजे जागा गेली. सर बाहेर आल्यावर म्हणाले, मी तुझ्या जागी असतो तर केलं नसतं. हे त्यांनी ज्या तऱ्हेनं म्हटलं त्यावरून कळलं की ते माझ्यावर रागावले नव्हते.

शनिवारी मी आई-अप्पांना लॅब दाखवायला घेऊन गेले. चार वर्षांत मी त्यांना कधी तिथं नेलं नव्हतं, आज-उद्या करत राहिले होते. आईनं ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. फकिरामामांनी तिला खुर्ची दिली आणि म्हणाले, बाई, तुमच्या गोलांनी लई गोंधळ केला. अप्पा टाकीपुढं वाकून उभे होते. आत नऊ नंबर आपल्या खड्ड्यावर होता, काळाभोर, गळा पांढरा, पराशी निळा मणी. मी अप्पांना सगळं सांगितलं, हा आधी कसा होता, कुठल्या पाण्यात होता, काय बदललं. देवगावचं नाव मी घेतलं नाही. ते ऐकत राहिले. गावच्या पारापुढं झुकली होती तशी त्यांची मान एकदा किंचित खाली गेली आणि मला कळलं की त्यांना कळलंय, की मी त्यांच्याबद्दल काय समजत आले होते, आणि आता काय समजते. मला त्यांची माफी मागायची होती, पण आमच्यात तसं बोलायची पद्धत नाही. टाकीवरची नजर न काढता ते म्हणाले, "ह्याला परत त्या जुन्या पाण्यात नेऊ नको."

मी म्हटलं, न्यावं लागेल अप्पा, पुढचा प्रयोग तोच आहे. सहा महिने त्यासाठीच मागितलेत. एकदा काळा झालेला मासा जुन्या टाकीत, जुन्या मालकाच्या वासात परत सोडला तर पांढरा पडतो की तसाच राहतो, हे अजून मला माहीत नाही.

अप्पा सरळ उभे राहिले. निवृत्त झाल्यापासून मी त्यांना इतकं सरळ पाहिलं नव्हतं. त्यांनी काचेवर दोन बोटं ठेवली, नऊ नंबर तडक त्या बोटांवर धावून आला, आणि अप्पांनी बोटं काढली नाहीत.

"ने मग," ते म्हणाले. "पर त्या दिवशी मला बोलीव. मी हितं हुबा ऱ्हाईन."